गुगल डॉक्समधलं इक्वेशन टूल: क्लासचे पेपर काढणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. शाळेचं गणित टाइप करायचं असेल, सॉफ्टवेअरवर पैसे घालायचे नसतील आणि दोन-चार शिक्षकांनी मिळून एकाच पेपरवर काम करायचं असेल तर गुगल डॉक्सचं इक्वेशन बिनधास्त वापरा. ५ पैकी ४ स्टार. एक स्टार कुठे कापला ते पुढे येईलच, आणि दहावीला शिकवणाऱ्यांना तो चांगलाच बोचणार आहे.

मी लालबागला एका क्लासमध्ये गणित शिकवते, मराठी माध्यम आणि सेमी दोन्ही बॅचेस. त्यामुळे हा रिव्ह्यू रिसर्च पेपर लिहिणाऱ्यांसाठी नाहीये, ती मंडळी लेटेक वापरतात, म्हणजे गणित कोडमध्ये लिहून छापायची पद्धत, आणि त्यांनी तेच वापरावं. हा आहे युनिट टेस्ट, प्रिलिम, सराव संच असल्या कामांसाठी, जिथे आज केलेला पेपर पुढच्या वर्षी पुन्हा काढायचा असतो, आकडे बदलून.

आणि या आकडे बदलण्यावरच मी कुठलाही एडिटर तपासते. समीकरण टाकता तर हल्ली सगळीकडेच येतं हो, जिथे बघाल तिथे टूलबारवर सिग्मा किंवा वर्गमुळाचं बटण असतं, दाबलं की छान खोका उघडतो, डेमोत सगळं गोड दिसतं. खरी परीक्षा सहा महिन्यांनी होते, जेव्हा तुम्ही तीच फाईल उघडता आणि वर्गमुळाच्या आतला एकच आकडा बदलायचा असतो, तेव्हा तो एडिटर तुम्हाला आत जाऊ देतो की अख्खं समीकरण पुन्हा लिहायला लावतो? आमच्याकडे एका बाकावर तीन मुलं बसतात, म्हणून प्रत्येक टेस्टचे अ, ब, क असे तीन संच निघतात, गणित तेच, सहगुणक वेगळे. म्हणजे माझं टाइपिंग कमी आणि बदलणंच जास्त.

आता प्रत्यक्ष वापर कसा ते बघू. कॉम्प्युटरवर डॉक्स उघडा, इन्सर्टमध्ये जाऊन इक्वेशन निवडा. कर्सरच्या जागी एक छोटा खोका येतो आणि वर वेगळी पट्टी उघडते. त्या पट्टीत पाच मेनू आहेत: ग्रीक अक्षरं, किरकोळ चिन्हं, लहान-मोठं-समान दाखवणारे संबंध, गणिती क्रिया आणि बाण. अपूर्णांक, मूळ, बेरजेचा सिग्मा, इंटिग्रल हे सगळं चौथ्या मेनूत. सुरुवातीला माउसने शोधत बसाल तर कंटाळा येईल, पण आठवड्याभरात त्या पट्टीकडे बघायची गरजच पडत नाही कारण सगळं कीबोर्डवरून होतं. बॅकस्लॅश, पुढे चिन्हाचं इंग्रजी नाव, मग स्पेस. बॅकस्लॅश थीटा स्पेस केलं की थीटा हजर, बॅकस्लॅश पाय स्पेस केलं की पाय. अपूर्णांकाला फ्रॅक, वर्गमुळाला एस-क्यू-आर-टी, प्लस-मायनसला पी-एम. ही नावं लेटेकमधूनच आली आहेत, म्हणजे उद्या तुम्ही लेटेककडे वळलात तरी हे शिकणं फुकट जाणार नाही.

वर्गसमीकरणाचं सूत्र टाकून बघा, त्यात या टूलची सगळी नस कळते. एक्स, बरोबर, मग बॅकस्लॅश फ्रॅक स्पेस, की वर-खाली दोन खोके आणि मध्ये आडवी रेघ. कर्सर आपोआप वरच्या खोक्यात, म्हणजे अंशात असतो. उणे बी लिहा, पी-एम देऊन प्लस-मायनस आणा, मग एस-क्यू-आर-टी दिलं की मुळाचं छप्पर येतं आणि जसजसं तुम्ही आत लिहाल तसतसं ते लांबतं. आत बी लिहून टोपीचं चिन्ह, म्हणजे शिफ्ट धरून सहाची की, की घातांकाची जागा तयार, तिथे २. आता इथे थांबा! नवीन माणसाची सगळी गडबड इथेच होते, कारण कर्सर अजून घातांकातच बसलेला असतो आणि तुम्ही पुढे उणे चार एसी लिहिलं की ते सगळं वर चढून बसतं. उजवीकडचा बाण एकदा दाबायचा, की घातांकातून खाली. चार एसी संपलं की परत उजवा बाण, मुळातून बाहेर. आणखी एकदा, छेदात. दोन ए लिहा, शेवटचा बाण, अपूर्णांकातून बाहेर. हात बसला की हे बाण बोटं आपसूक मारतात, पण आमच्याकडे जे नवीन सर किंवा टीचर येतात त्यांना मी पहिली गोष्ट हीच दाखवते, की बाण म्हणजे दार, आत-बाहेर करायचं ते बाणाने.

आता बदलण्याचं बघा. अ संचात मी वर्गसमीकरण देते एक्स वर्ग अधिक ७ एक्स अधिक १० बरोबर शून्य. उत्तरपत्रिकेत सूत्रात किंमती घातल्या की मुळाच्या आत ४९ वजा ४० येतं, म्हणजे ९, त्याचं मूळ ३, उत्तरं उणे २ आणि उणे ५. क संचात शेवटचं पद १२ करायचं. फाईलची कॉपी केली, प्रश्नात १० चे १२ केले, मग उत्तरात मुळाच्या आत ४० च्या मागे क्लिक केलं, शून्य खोडलं, ८ लिहिलं. झालं ४९ वजा ४८, मूळ १, उत्तरं उणे ३ आणि उणे ४. छप्पर तसंच, अपूर्णांकाची रेघ तशीच, ओळ हलली नाही. एवढ्यासाठीच मी हे टूल धरून आहे. समीकरण इथे जिवंत राहतं, कितीही महिन्यांनी उघडा, कर्सर आत जातोच.

हे एवढं कौतुकाने का सांगतेय ते ज्यांनी जुना काळ बघितलाय त्यांना कळेल. पूर्वी पेपर हाताने लिहून दादर नाहीतर गिरगावातल्या डीटीपीवाल्याकडे द्यायचा, तो पेजमेकर किंवा कोरलमध्ये बसून अपूर्णांकाची रेघ वेगळी काढणार, वर एक मजकूर, खाली एक मजकूर, वर्गमुळाचं छप्पर हाताने ओढणार. ती माणसं फार कुशल होती, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण प्रूफमध्ये एक आकडा चुकलेला सापडला की ती रेघ पुन्हा सरकवायची, आणि आपण पुन्हा दुकानाची पायरी चढायची.

मग वेबवर एडिटर आले आणि वाटलं सुटलो, पण सगळेच सारखे नसतात. एका ठिकाणी, नाव नको, प्रश्नसंच त्यांच्याच पोर्टलवर टाकायचे असं ठरलं होतं. एडिटरमध्ये समीकरणाचं बटण होतं, खोकाही चांगला होता, आम्ही सगळ्यांनी मिळून बरेच प्रश्न चढवले. पुढच्या टर्मला आकडे बदलायला गेलो तर प्रत्येक समीकरण म्हणजे एक चित्र! क्लिक केलं की फोटोसारखे चार कोपरे दिसायचे, लहान-मोठं करता यायचं, बास. मुळात काय टाइप केलं होतं ते कुठेच साठवलेलं नाही. वर प्रिंट काढून झेरॉक्स मारली की घातांकातला २ आहे की ३ हे मुलं वर हात करून विचारायची. त्या टर्मला आमच्या दोन टीचर रात्री उशिरापर्यंत बसून सगळं पुन्हा लिहीत होत्या, आणि ते बघून मला खरोखर वाईट वाटलं, कारण शिक्षकाचा वेळ असा जायला नको. तो वेळ मुलांच्या वह्या बघण्यात जायला हवा.

म्हणून थोडं आतलं पण सांगते, कंटाळू नका. वेबवर समीकरण साठवायचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. एक, चित्र, वर सांगितलं तसं. दोन, टेकची भाषा, म्हणजे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये आणलेल्या टेक या छपाईच्या प्रोग्रामवरून आलेली लिहायची पद्धत, ज्यात समीकरण साध्या अक्षरांत साठतं आणि दाखवताना मॅथजॅक्स किंवा केटेक असलं काहीतरी त्याचं सुंदर गणित करून दाखवतं. केटेक खान अकॅडमीने २०१४ मध्ये काढलं, आणि नोशनसारख्या नोंदी ठेवायच्या ॲपमध्ये समीकरण दिसतं ते त्याच्याच जोरावर. तिसरा मार्ग मॅथएमएल, वेबपानाच्या भाषेतलाच गणिताचा भाग. फायरफॉक्स आणि सफारीत तो आधीपासून होता, क्रोममध्ये जानेवारी २०२३ ला, १०९ नंबरच्या आवृत्तीत नीट आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गाने साठवलेलं समीकरण परत उघडता येतं, शिवाय ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला त्यातून अंश कुठला आणि छेद कुठला हे वाचून दाखवता येतं. चित्रातून त्याला काहीच मिळत नाही, कुणी खाली वेगळं वर्णन लिहिलं असेल तरच. हा मुद्दा एडिटर निवडताना कुणी विचारात घेत नाही आणि घ्यायलाच हवा, आपल्या वर्गात असं एखादं मूल कधीही येऊ शकतं.

तर कुठलंही पोर्टल घ्यायच्या आधी, विकायला आलेल्या माणसासमोरच, एक अपूर्णांक टाका ज्याच्या छेदात वर्गमूळ आहे. सेव्ह करा, पान बंद करा, पुन्हा उघडा आणि मुळातला आकडा बदलून दाखवा म्हणा. पाच मिनिटांत कळतं.

आता कापलेला स्टार. डॉक्सच्या त्या पाच मेनूंत मॅट्रिक्सचा, म्हणजे आकडे ओळी-रकान्यांत मांडायचा, साचा नाही. तुम्ही म्हणाल मॅट्रिक्स अकरावी-बारावीला, आपल्याला काय करायचंय. पण आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये पहिल्याच धड्यात, दोन चलांतील रेषीय समीकरणांत, क्रेमरची पद्धत आहे, म्हणजे दोन बाय दोनचे निश्चयक आलेच, तशीच ओळी-रकान्यांची मांडणी, फक्त दोन उभ्या रेघांमध्ये. डी, डीएक्स, डीवाय असे एका उदाहरणाला तीन निश्चयक. ४० मार्कांच्या पेपरात हा धडा टाळून चालत नाही. डॉक्समध्ये मी काय करते, तर छोटा दोन बाय दोनचा टेबल घेते, वरच्या-खालच्या आणि मधल्या रेघांची जाडी शून्य करते, डाव्या-उजव्या उभ्या रेघा ठेवते, आणि हा टेबल एकदा नीट करून ठेवला की कॉपी-पेस्ट. आकडे बदलता येतात, हे चांगलं, पण टेबल ओळीच्या मध्ये बसत नाही, "डी बरोबर" असं लिहून त्याच्यापुढे निश्चयक आणि त्यापुढे उत्तर असं एका ओळीत हवं असेल तर त्यासाठी बाहेर अजून एक मोठा टेबल करावा लागतो. चालतं, पण सुख नाही.

निश्चयक जास्त असतील तर दुसरा रस्ता म्हणजे ऑटो-लेटेक इक्वेशन्स नावाचं ॲड-ऑन, डॉक्सलाच जोडायचं. आधी दोन आणि नंतर दोन डॉलरची चिन्हं देऊन त्यांच्या मध्ये लेटेक लिहायचं आणि बटण दाबलं की त्याचं समीकरण. हे चित्रच करतं, पण ते चित्र परत मूळ कोडमध्ये उलटवता येतं, म्हणून मला ते चालतं. लेटेक येत नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लेटेकचे धडे आहेत, फुकट, आणि आपल्या गतीने बघता येतात.

आणि सरळ वर्ड? वर्डमध्ये मॅट्रिक्सचे साचे आहेत, आल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की इक्वेशन सुरू होतं, तिरकी रेघ देऊन स्पेस दिला की अपूर्णांक उभा राहतो, टायपिंगचा वेग डॉक्सपेक्षा जास्त, हे मान्य करायलाच हवं. एकट्याने काम करत असाल आणि वर्ड घेतलेलं असेल तर तेच वापरा. पण ज्यांच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर २००७ च्या आधीच्या वर्डमधले पेपर पडलेत त्यांनी एक लक्षात घ्या. तेव्हाची समीकरणं इक्वेशन एडिटर ३.० या वेगळ्या छोट्या प्रोग्राममध्ये व्हायची आणि तो प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून काढून टाकला, त्यात हॅकरना शिरता येईल अशी फट सापडली होती. ती समीकरणं अजून दिसतात, छापतातही, पण तो प्रोग्राम नसेल तर डबल क्लिक करून आत जाता येत नाही. मॅथटाइप या समीकरणं लिहायच्या वेगळ्या प्रोग्राममध्ये ती उघडतात. तेव्हा असे पेपर असतील तर वेळ काढून ते बदलून घ्या, वर्षानुवर्षांची मेहनत आहे ती.

मॅथटाइपचं नाव निघालंच आहे तर, ते आता वेब एडिटरमध्येही मिळतं, डॉक्सला ॲड-ऑन म्हणून, मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली वापरणाऱ्या कॉलेजात तिला जोडून. २०१७ मध्ये विरीस कंपनीने ते मूळ मालकांकडून घेतलं. पैसे पडतात, ३० दिवस फुकट वापरता येतं. त्यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे हाताने लिहायची सोय, टॅबवर पेनने समीकरण लिहा, ते ओळखून टाइप करून देतं. आमच्याकडचे भूमितीचे सर साठीला आलेत, कीबोर्डवर त्यांचा हात बसत नाही, पण अक्षर मोत्यासारखं, त्यांच्यासाठी हे वरदान आहे. टाकलेलं समीकरण परत उघडून बदलता येतं. म्हणजे माझ्या परीक्षेत पास. शाळेने किंवा कॉलेजने खर्च केला तर जरूर घ्या, क्लासच्या एकेका शिक्षकाने स्वतःच्या खिशातून घ्यावं असं मी म्हणणार नाही.

मोबाईलबद्दल सगळेच विचारतात, कारण आपला अर्धा दिवस लोकलमध्ये जातो. डॉक्समध्ये समीकरण टाकायचं काम कॉम्प्युटरवरच करा, फोनवर पेपर वाचून तपासणं ठीक. फोनवर लिहायचंच असेल तर मॅथलाइव्ह बघा, हा फुकट, ओपन सोर्स समीकरणाचा खोका आहे जो कुठल्याही वेबपानात बसवता येतो. टच केलं की गणिताचा स्वतःचा कीबोर्ड वर येतो, मूळ, घातांक, अपूर्णांक सगळं अंगठ्याखाली. कीबोर्डवर तिरकी रेघ मारली की अपूर्णांक होतो, पी-आय लिहिलं की पाय होतो, आणि आत साठतं ते लेटेक. तुमच्या शाळेचं किंवा क्लासचं पोर्टल कुणी बनवून देत असेल तर ते बनवणाऱ्यांना हे नाव सांगा, चित्र करणारा एडिटर बसवू नका म्हणावं.

मराठी माध्यमवाल्यांसाठी एक खास गोष्ट. आपल्याला अपूर्णांकात शब्दही लागतात, वेग बरोबर अंतर भागिले वेळ, असं. टेकच्या पद्धतीत चालणाऱ्या एडिटरमध्ये गणिताच्या आत लिहिलेलं प्रत्येक अक्षर वेगळं चल समजलं जातं, त्यामुळे देवनागरी शब्द थेट लिहिलात तर काना-मात्रा अक्षरापासून सुटायची भीती असते. शब्द नेहमी बॅकस्लॅश टेक्स्ट या आदेशापुढच्या महिरपी कंसात लिहा, म्हणजे तो शब्द म्हणून अखंड राहतो. केटेक देवनागरी स्वीकारतं, फक्त अक्षरं तुमच्या मशीनवरच्या फॉन्टमधून घेतं, म्हणून प्रिंट काढायच्या मशीनवर एकदा नजर टाका. "अंतर"चा अनुस्वार आणि "किमी"ची वेलांटी जागेवर आहे ना, एवढं बघितलं तरी पुरतं.

आणि डॉक्सच्या बाजूने शेवटचा मोठा मुद्दा म्हणजे एकत्र काम. आमच्यातल्या एक टीचर कल्याणला राहतात, एक सर बोरिवलीला, प्रिलिमचा पेपर तिघांनी बसून काढायचा म्हणजे पूर्वी रविवार जायचा. आता पेपर डॉक्सवर असतो, टीचर बाजूला कमेंट टाकतात की तिसऱ्या प्रश्नात मूळ पूर्णांक येत नाहीये, मुलं अडकतील, सर आकडा बदलतात, मी उत्तरपत्रिका जुळवते. कुणी काय बदललं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं. नंतर ज्यांना वर्ड हवं त्यांना वर्डची फाईल डाऊनलोड करून देता येते, समीकरणं त्यातही समीकरणं म्हणूनच जातात. छापायला मात्र नेहमी पीडीएफ द्या, झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर कुठलं वर्ड असेल त्याचा भरवसा नसतो.

तर ४ स्टार. फुकट, कुणालाही अर्ध्या तासात शिकवता येतं, आणि बदलायला सर्वात कमी त्रास. मॅट्रिक्सचा एक साचा त्या चौथ्या मेनूत टाकला की पाचवा स्टार मी स्वतः येऊन लावेन, निदान दोन बाय दोनचा तरी द्या, जूनला नवीन बॅच सुरू होते तेव्हा पहिला धडा क्रेमरचाच असतो.